सत्तेचाळीस मिनिटांवरचं माहेर

“ताई, आईंच्या बोटांना गरम-गार कळतंय का, तेवढं एकदा बघून घ्या.”

रत्नागिरीच्या उड्डाणतळावरच्या काझी सिस्टरने फोनवर हे सांगितलं, तेव्हा मृण्मयी बाळाला खांद्यावर टाकून ढेकर काढत होती. दोन तासांत तिसऱ्यांदा दूध उलटलं होतं आणि ते तिच्या केसांतून मानेवर ओघळत होतं. तिने अर्धवटच ऐकलं.

“अहो सिस्टर, माझी आई तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटते. तिला गरमाचं काय घेऊन बसलात?”

“म्हणूनच म्हणते,” सिस्टर म्हणाल्या. पलीकडे भोंगा वाजला, कुणीतरी त्यांना हाक मारली. “नुसता हात लावून विचारू नका. स्पर्श कळतोच. एका पेल्यात गरम पाणी, एकात गार, आणि डोळे मिटायला लावायचे. दोन मिनिटांचं काम आहे. बघाल ना?”

“बघते,” मृण्मयी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिच्याकडे एक वही होती. बाळाने कधी दूध घेतलं, किती मिनिटं घेतलं, लंगोट कितीदा ओला झाला, झोपेत मिनिटाला श्वास किती, सगळं ती त्यात लिहून ठेवायची. त्या दिवशीच्या पानावर तिसऱ्या उलटीची वेळ आहे, रंग आहे, अंदाजे किती चमचे तेही आहे. सिस्टरचं बोलणं मात्र नाही.

मृण्मयी राहत होती ब्राझीलच्या किनाऱ्यावर, सांतोस शहरात. तिचा नवरा अद्वैत तिथल्या उसापासून इंधन करणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर होता. सांतोस ते रत्नागिरी हे अंतर पावणेचौदा हजार किलोमीटर. लग्न होऊन ती पहिल्यांदा आली तेव्हा या प्रवासाला दीड दिवस लागला होता. रत्नागिरीहून रात्रभर गाडीने मुंबई, मुंबईहून अदिस अबाबा, तिथे सात तासांचा मुक्काम, मग साओ पावलो, मग पुन्हा गाडी. उतरली तेव्हा तिचे पाय इतके सुजले होते की चपला हातात घेऊन ती घरात शिरली होती.

आणि मग उसळी आली.

उसळी हे लोकांनी दिलेलं नाव. कंपन्यांची नावं मोठी आणि इंग्रजी होती, ती कुणाच्या तोंडात बसली नाहीत. विमान हवेतून जातं आणि हवा त्याला सारखी मागे ओढत असते, म्हणून त्याला वेळ लागतो. उसळीचं यान पहिल्या नऊ मिनिटांतच हवेच्या वर निघून जायचं. तिथे त्याला अडवायला काही नसे. मग इंजिन बंद करायचं आणि भिरकावलेल्या दगडासारखं नुसतं पुढे पडत राहायचं, सेकंदाला सात किलोमीटर या वेगाने, अख्ख्या आफ्रिकेवरून. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा हवेत शिरायचं आणि घारीसारखं तरंगत समुद्रातल्या तळावर उतरायचं. सगळी मिळून सत्तेचाळीस मिनिटं. आवाज फार होतो म्हणून तळ किनाऱ्यापासून दूर बांधलेले. तिथवर जाणाऱ्या बोटीलाच चाळीस मिनिटं लागत.

“राजापूरला एसटीने जायला याच्या दुप्पट वेळ लागतो,” आई म्हणाली होती. “आणि वर खड्डे.”

पण उसळी सगळ्यांसाठी नव्हती. वर जाताना माणसाचं वजन तिप्पट होतं आणि मग एकदम काहीच उरत नाही. म्हणून गरोदर बायकांना बंदी, दोन वर्षांखालच्या मुलांना बंदी. मृण्मयीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. सातव्या महिन्यात रक्तस्राव झाला, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, आणि जुन्या विमानाने दीड दिवसांत जाण्याचा मार्गही गेला. मुलीला माहेरी जाता येईना, तेव्हा माहेरच मुलीकडे येऊ लागलं. कारखान्याने कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या आईवडिलांना पास दिले होते. आई दुपारी चारला तिकडून निघायची आणि इथल्या साडेआठ तास मागे असलेल्या घड्याळात त्याच दिवशी सकाळी सव्वाआठला उतरायची. बाळाला मालीश, आंघोळ, मृण्मयीला शेक, दोन वेळचा स्वयंपाक, की दुपारच्या बोटीने परत. रत्नागिरीत रात्री साडेबाराला स्वतःच्या अंथरुणावर.

दोन घरी राहून एकही घर न सोडणारी अशी आई आधी कुठल्या मुलीला मिळाली असेल?

नियम एवढाच होता की महिन्यात चार खेपा. त्याचं कारण वाटेत होतं. पृथ्वीभोवती एक चुंबकीय कवच आहे. सूर्याकडून आणि त्याच्याही पलीकडून येणारे वेगवान कण ते अडवून धरतं. पण ब्राझील आणि दक्षिण अटलांटिक यांच्यावर या कवचाला खोलगा आहे. तिथे ते कण बरेच खाली उतरतात. आपण जमिनीवर असलो तर हवा आपल्याला सांभाळते. हवेच्या वरून जाणाऱ्याला कोण सांभाळणार? रत्नागिरी-सांतोस ही उसळी त्या खोलग्यातून साडेचार मिनिटं जायची. एका खेपेने काही होत नाही. चार खेपांनीही नाही, असं तज्ज्ञ म्हणत. पुढचं कुणी मोजलेलं नव्हतं.

चार खेपा पहिल्या अकरा दिवसांतच संपल्या.

ते अकरा दिवस मृण्मयीला नीट आठवत नाहीत. बाळ रडलं की ती उठायची, लिफ्टची घंटी वाजल्यावर माणूस उठतो तशी. बाळाला घ्यायची, पाजायची, ठेवायची. ते सुंदर आहे हे तिला कळत होतं, भिंतीचा रंग पांढरा आहे हे कळावं तसं. काही वाटत मात्र नव्हतं. फक्त भीती तेवढी जागी होती. बाळाला आंघोळ घालायची तिला भीती वाटे. ओलं बाळ हातातून निसटेल, पाणी नाकात जाईल. आई येणार नसेल त्या दिवशी ती बाळाला ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, आणि पुसतानाही श्वास मोजायची.

“आता तीन आठवडे मी येत नाही, तर काय करशील गो?” आईने फोनवर विचारलं.

“ओल्या फडक्याने पुसेन,” मृण्मयी म्हणाली.  

त्याच दुपारी मृण्मयीने दुसऱ्या कंपनीचा अर्ज उघडला. या मार्गावर दोन कंपन्या होत्या, दोन्हींची फाटकं वेगळी, आणि खेपांची मोजदाद सरकारी यादीत नावावर व्हायची. आईच्या पासपोर्टवर दोन नावं होती. सुनीती नागवेकर हे सासरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. आणि खाली, पूर्वीचं नाव म्हणून, हर्षदा पावसकर. पहिल्या अर्जात वरचं नाव घातलं होतं. दुसऱ्यात तिने खालचं घातलं. यंत्राने ते घेतलं. बायकांची नावं लग्नात मुळापासून बदलतात हे त्या यंत्राला कुणी शिकवलं नसावं. त्याच्या लेखी या दोन बायका होत्या, आणि प्रत्येकीला महिन्यात चार खेपांची मुभा होती.

आईला सांगितलं तेव्हा आई आधी दचकली. “अगो, चालेल का हे?” शाळेत तीस वर्षं हजेरी घेतलेली बाई ती, खोटी हजेरी तिला कशी आवडेल? पण त्या नावाने तिसऱ्या खेपेला ती बोटीतून उतरली ती हसतच.

“फाटकावरची मुलगी काय म्हणाली ठाऊक आहे? ‘या हर्षदाताई.’ ताई! हर्षदाताई! तुझे बाबा होते तोवर त्यांनीसुद्धा कधी चुकून म्हटलं नाही गो. मी मागे वळून बघितलं, म्हटलं कुणाला बोलावते ही.”

मृण्मयी हसली. हसायचं असतं तिथे ती हसत होती.

आई आली की घराला वास यायचा. वेखंड, खोबरेल, तव्यावरची भाकरी. ती हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात जाई आणि तिथून बोलत राही. “आज शेजारी कोण बसलेली, तर चिपळूणची एक बाई. वजन गेलं तशी तिची पिशवी उघडली आणि शेंगदाणे बाहेर. सगळं यान शेंगदाणे पकडतंय! एक म्हातारा तोंड उघडं ठेवूनच बसला, येईल तो आपला.” मग बाळाला पायावर घेऊन, “काय गो बयो, तुझी आज्जी आकाशातून येते, तुला काय पडलंय त्याचं?”

खाली फळवाल्याकडे जाऊन आई पोर्तुगीज आकडे शिकली होती. पपई आणताना जिन्यातून मोठ्याने म्हणत यायची, “उं, दोयस, त्रेस.” वीसपर्यंत पाठ झाले तेव्हा तिने अद्वैतला परीक्षा घ्यायला लावली.

काझी सिस्टरचा फोन आला तो दहाव्या आठवड्यात. सिस्टर दोन्ही फाटकांवर काम करायच्या, एक दिवस इथे, एक दिवस तिथे. त्यांना एकच बाई दोन नावांनी भेटत होती. त्या कुठे बोलल्या नाहीत. तपासणीत आईने एकदा सुईचं टोक लागल्यावर हात मागे घेतला नव्हता, तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं, आणि तेवढंच त्यांनी मृण्मयीला सांगून पाहिलं.

पाहणाऱ्याला दिसत होतं. मृण्मयी तर सगळं पाहणारी. बाळाच्या कानामागचा खवला तिला दुरून दिसायचा. शेगडीवरचं पातेलं आईने एकदा नुसत्या हातांनी उचललं, खणात ठेवायची पुस्तकं उचलावी तितकं सावकाश.

“आई, सांडशी आहे की तिथे,” अद्वैत म्हणाला.

“सांडशी तुमच्यासारख्यांना. आमचे हात चुलीवर शेकलेत.”

तिघेही हसले. मृण्मयीला अभिमान वाटला, त्या महिन्यांत जितपत काही वाटत होतं तितपत. आईच्या उजव्या तर्जनीवर फोड होता. तेल उडालं असेल. बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत झाली होती. मालिशीचं तेल असेल. भाकरी करणाऱ्या बाईचे हात भाजत नाहीत हे ती लहानपणापासून बघत आली होती. जे बघायची सवय असते ते माणूस तपासत नाही.

बाळ अकरा आठवड्यांचं झालं होतं. मंगळवार होता, आईची एकोणिसावी खेप.

नळाच्या गरम पाण्यावर आईचा विश्वास नव्हता. ती पातेल्यात पाणी उकळायची, बादलीत ओतायची आणि विसण घालायची. हात बुडवायचा, फिरवायचा, थोडं गार, पुन्हा फिरवायचा. मग म्हणायची, “झालं बेताचं.” त्या दिवशीही तसंच म्हणाली. बुटक्या स्टुलावर बसून तिने पाय लांब केले, तेल चोळलेलं बाळ नडग्यांवर उताणं घेतलं आणि पहिला तांब्या त्याच्या पोटावर ओतला.

मृण्मयी दारात टॉवेल घेऊन उभी होती. बाळ रडलं. शेजारच्या घरातलं रडणं ऐकू यावं तसं तिला ते ऐकू आलं. वेगळं रडणं आहे, तिला वाटलं. वहीत लिहायला हवं.

“रडू दे गो बयो, रडल्याने छाती मोकळी होते,” आई म्हणाली आणि दुसरा तांब्या बुडवला.

आईचा तळवा बोटांसकट, मनगटापर्यंत, त्या बादलीत होता. वाफ येत होती. मृण्मयीने वाकून बाजूने स्वतःचा हात पाण्यात घातला आणि तिला कळायच्या आधीच हात आपोआप बाहेर आला.

“आई, थांब.”

“अगो, होतंच आलं.”

“थांब. तांब्या खाली ठेव.”

तिचा आवाज चढला नव्हता. भाजीवाल्याला पुरे म्हणावं तसा होता. आईने तांब्या खाली ठेवला आणि वर पाहिलं. मग खाली बाळाकडे पाहिलं. बाळाच्या पोटापासून मांड्यांपर्यंत लाल झालं होतं, आणि ते लाल पसरत होतं.

मृण्मयीने बाळाला उचललं आणि बेसिनच्या गार नळाखाली धरलं. वीस मिनिटं. हे तिने कुठेतरी वाचलेलं, म्हणून घड्याळाकडे बघत वीस मिनिटं. ओलं बाळ तिच्या हातातून निसटलं नाही. मागे आई स्टुलावर तशीच बसून होती, पाय लांब केलेले, आणि बादलीत पुन्हा पुन्हा हात घालून बघत होती. घालत होती, काढत होती.

“बेताचंच आहे गो,” ती म्हणत होती. “बेताचंच तर आहे.”

हॉस्पिटलातल्या डॉक्टर रेजिना चाळिशीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी बाळाच्या अंगावर मलम आणि जाळी लावली. दोन जागी फोड होते, बाकी वरवरचं. त्वचा भरेल, महिनाभर उन्हात आणि प्रवासात नेऊ नका, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, आंघोळ कुणी घातली?

त्या पोर्तुगीज बोलत होत्या. आईला कळावं म्हणून मृण्मयी मराठीत सांगत होती.

डॉक्टरांनी आईला डोळे मिटायला लावले आणि धातूच्या दोन नळ्या आळीपाळीने तिच्या बोटांवर टेकवल्या. एकीत गरम पाणी, एकीत बर्फाचं. आई परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ताठ बसली होती.

“ही गरम,” ती म्हणाली. “नाही, थांब. परत लाव म्हणावं. ही गार. का गो, दोन्ही सारख्याच आहेत ना? फसवतेय ती मला.”

मग डॉक्टरांनी कापसाचा बोळा फिरवला. तो आईला लगेच कळला. कुठल्या बोटावर, कुठल्या बाजूने, सगळं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मृण्मयीने जसंच्या तसं भाषांतर केलं. बोटांत वेगवेगळ्या जाडीचे मज्जातंतू असतात. जाड तंतू स्पर्श पोचवतात, ते शाबूत आहेत. म्हणून सुईत दोरा ओवता येतो, बाळाची त्वचा मऊ लागते, काही बिघडलंय असं वाटतच नाही. उष्णता आणि वेदना पोचवणारे तंतू मात्र केसाहून बारीक असतात. ते आधी जातात, बोटांतले तसे पायांतलेही, म्हणून नडग्यांवरून ओघळलेलं पाणीही आईला लागलं नव्हतं. या मार्गावरून सारखी येणारी दोन माणसं त्यांनी गेल्याच महिन्यात पाहिली होती. खोलग्यातले कण आणि रक्ताची वरखाली, दोन्ही मिळून काहीतरी होतं आहे, नक्की काय ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. काही तंतू परत येतात. काही येत नाहीत. ते किती खेपा झाल्या यावर आहे.

“इथे नऊ दिसताहेत,” डॉक्टर पडद्यावरच्या सरकारी यादीकडे बघत म्हणाल्या. “सुनीती नागवेकर, नऊ. नऊ खेपांत इतकं व्हायला नको. मग मला दुसरं कारण शोधावं लागेल. साखर, मणका. तुम्हाला खात्री आहे ना, नऊच?”

“काय म्हणते ती?” आईने विचारलं.

मृण्मयीने आईकडे पाहिलं. आईने हात पदराखाली घेतले होते. खरं सांगितलं तर दोन्ही नावं एका ओळीत येणार होती आणि आईची उसळी कायमची बंद. नाही सांगितलं तर डॉक्टर साखर शोधत बसणार, पुढच्या महिन्यात पुन्हा चार आणि चार. आणि बाळाला पायावर घेणारं कुणीतरी असणार. तिला बाळाची भीती वाटली. आईची वाटली. दोन्ही भीतींचं वजन सारखंच होतं.

“किती खेपा झाल्या ते विचारताहेत,” ती म्हणाली.

“मग सांग की नऊ. पडद्यावर आहे ना?” आई पटकन म्हणाली. मग हळू, “बाय, नऊ सांग.”

मृण्मयी डॉक्टरांकडे वळली.

“देझेनोवी,” ती म्हणाली.

आईला वीसपर्यंत आकडे येत होते. एकोणीस तिला कळले.  डॉक्टर विचारत गेल्या, मृण्मयी सांगत गेली, दुसरं नाव, दुसरी कंपनी, अर्ज कुणी भरला. “मी भरला.” डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. कुणी रागावलं नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं मृण्मयीला नंतर कधीतरी वाटलं.

घरी येताना गाडीत आई एकदाच बोलली. “तू मला विचारलं असतंस तर मी पण एकोणीसच सांगितलं असतं. शेवटी.”

“शेवटी कधी, आई?”



आईला जुन्या विमानाने परत जावं लागलं. चार दिवस ती त्यांच्याकडे राहिली, पण स्वयंपाकघरात गेली नाही, बाळाला उचललं नाही. अद्वैतने आणून मांडीवर ठेवलं तरी हात बाजूला धरून बसायची, पुन्हा कुणीतरी घेईपर्यंत. निघताना दारात तिने दृष्ट काढायला दोन्ही हात बाळाच्या डोक्याकडे नेले, आणि मध्येच थांबून खाली घेतले.

“लांबूनच बघते गो तुला,” ती बाळाला म्हणाली. “तुझ्या आईला सांभाळ.”

ती चौतीस तासांनी रत्नागिरीला पोचली. मृण्मयीने वहीत लिहिलं: आई पोचली, सहा वीस. पायांना सूज.

तीन आठवड्यांत दोन्ही कंपन्यांनी तो मार्ग थांबवला. चौकशी सुरू झाली. सांतोसच्या आणखी सात कुटुंबांत अशी बोटं निघाली, त्यात एक आचारी होता, त्याची तर कुणाला शंकाही आली नव्हती. काझी सिस्टरची बदली झाली, कुठे ते कळलं नाही. त्यांचा जुना नंबर मृण्मयीने चारदा लावून पाहिला. अद्वैत जाऊन येतो म्हणाला, पण उसाचा हंगाम भरात होता, आणि जाऊन यायचं म्हणजे आता पुन्हा तीन दिवस नुसते वाटेतले. पावणेचौदा हजार किलोमीटर होते तेवढेच होते. ते मधली दोन वर्षं फक्त दिसत नव्हते.

मृण्मयी बाळाला आता स्वतः आंघोळ घालते. पाण्यात थर्मामीटर असतो, मग कोपर, मग पुन्हा थर्मामीटर. बाळाची त्वचा भरत आलीये. परवा बाळ पाण्यात हसलं, पहिल्यांदा, खळखळून. मृण्मयीने ते लिहून ठेवलं, आणि मग पेन तसंच हातात धरून बराच वेळ बसून राहिली.

आई रोज व्हिडिओवर येते. फोन फळीवर टेकवून ठेवते आणि खुर्चीत बसते, छातीच्या वरची तेवढी दिसते. बरी आहे, म्हणते. डॉक्टरांनी दिलेला थर्मामीटर वापरते, म्हणते. पूर्वी ती बोलताना हात केवढे हलवायची! आता हात दिसतच नाहीत. काल तिच्या बाहीवर हळदीचा डाग होता, मनगटाच्या अगदी जवळ.

“आई, हळद कशाची?”

“भाजीची गो.”

“हात दाखव.”

“तुझं नेट जातंय बघ. तू अडकून अडकून दिसतेस.”

“मला नीट दिसतंय. हात वर कर.”

पडदा काळा झाला. परत लावला तर उचलला नाही. दोन तासांनी निरोप आला: झोपले होते, काळजी करू नको.

आईची बहीण देवरूखला आहे, तिला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. आईच्या वरचे दोन्ही ब्लॉक बंद, खालचं दुकान बंद. तिच्या शाळेतल्या बाई मुलाकडे नागपूरला गेल्या. मृण्मयीने ओळखीची नावं आठवून पाहिली, मग गल्लीची, मग शाळेची. एकही माणूस सापडेना जो संध्याकाळी सहज आईच्या दारात उभा राहू शकेल. ज्याला त्याला उसळीने कुणीतरी घेऊन गेलेलं, किंवा उसळी आहे म्हणून ज्याने त्याने शेजार सोडलेला.

बाळ झोपलं होतं. तिने वही बाजूला केली. रत्नागिरीच्या लोकांचे जे जे गट तिला सापडले त्या सगळ्यांत टाकण्यासाठी लिहायला घेतलं. कुणाला लिहायचं ते माहीत नव्हतं, म्हणून जो वाचेल त्याला लिहिलं.

“तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही रत्नागिरीत असाल, किंवा या आठवड्यात तिकडे जाणार असाल, तर एक काम करा. परटवण्याच्या उतारावर ‘सागरछाया’ म्हणून इमारत आहे. पहिला मजला, डावीकडचं दार. तिथे माझी आई एकटी राहते. तिच्या हातांना भाजलेलं कळत नाही आणि ती ते कुणाला सांगणार नाही. पाचच्या सुमाराला जा, तेव्हा ती चहा टाकते. कशा आहात असं विचारू नका, बरी आहे म्हणेल आणि तुमचीच चौकशी करायला लागेल. तिला चहा करू द्या, पण गॅसजवळ तुम्ही उभे राहा. पातेलं उचलायला निघाली तर पुढे व्हा, आग्रहाने. आणि कप घेताना तिचे दोन्ही हात उजेडात धरून बघा, दहाही बोटं, तळव्याकडून. तिला वाईट वाटेल. वाटू दे. मग मला कळवा, जे असेल ते. मी इथे जागीच आहे.”